‘रोव,’ म्हणाले अण्णा

मिरज स्टेशनवर गाडी हलली तेव्हा अण्णा खिडकीचा गज धरून चार पावलं बरोबर चालले. मग त्यांनी गज सोडला, तोंडाशी हात धरला आणि मोठ्यानं काहीतरी म्हणाले. नेमकी त्याच वेळी इंजिनानं शिट्टी दिली. त्या शिट्टीतून मला ऐकू आलं ते एवढंच : “रोव हं, बाळ!” मी मान बाहेर काढून ओरडले, “कुठल्या भाषेतलं?” पण तोवर फलाट मागे सरकला होता. आईनं पदर डोळ्यांना लावला होता, अण्णा हात हलवत होते, आणि माझ्या मांडीवर दशम्यांचा डबा होता. शेजारी बसलेल्या ह्यांनी विचारलं, “काय म्हणाले अण्णा?” लग्न होऊन वर्षही झालं नव्हतं, त्यामुळे आमच्या घरची भाषा त्यांना अजून कळत नव्हती. मी म्हटलं, “काही नाही, जाताजाता शब्दार्थ घातलाय.”

मिरजेत राहिलेल्या आणि माझ्यासारख्याच मिरज सोडून कुठे कुठे जाऊन पडलेल्या तुम्हा सगळ्यांसाठी हे लिहिते आहे. माझ्याविषयी तुमच्यात बरंच बोलून झालंय, ते माझ्या कानांवर आलं आहे. ‘विमलच्या नवऱ्याची बदली पुण्याला झाली आणि ही कलकत्त्यालाच बसून राहिली,’ एवढं तुम्हाला कळलं. का राहिली ते मी एका शब्दात सांगू शकते. पण तो शब्द समजावून द्यायला जरा वेळ लागेल, तेवढी सवड काढा.

अण्णा मिरजेच्या हायस्कुलात इंग्रजी शिकवत हे तुमच्यापैकी पुष्कळांना माहीत आहे, कारण तुमच्यापैकी पुष्कळांचे कान त्यांनी पिळलेले आहेत. मी अकरा वर्षांची असताना त्यांनी मला एक वाक्य भाषांतराला दिलं : ‘द ओल्ड किंग रोव्ह्ड द हिल्स.’ मी क्षणभरही न अडता लिहिलं, ‘म्हाताऱ्या राजाने डोंगर रोवले.’ खुंटा रोवतात, खांब रोवतात, झेंडा रोवतात. राजा मोठा माणूस, तो डोंगर रोवत असेल, असा माझा हिशेब. अण्णा इतके हसले की त्यांना चष्मा काढून ठेवावा लागला. “अगं, तो बिचारा मजेत हिंडत होता आणि तू त्याला गवंडीकामाला जुंपलंस!”

मग त्यांनी मला समोर बसवून इंग्रजीतलं सगळं हिंडणं-फिरणं शिकवलं. वाँडर म्हणजे कुठे जायचं ते न ठरवता, वाट फुटेल तिकडे जाणं. स्ट्रे म्हणजे कळप सोडून भरकटणं. रोम म्हणजे मोठ्या मुलखात मोकळं हिंडणं. आणि रोव्ह? रोव्ह म्हणजेही हिंडणंच, पण जोमानं, नजर चहूकडे फिरवत. म्हणून इंग्रज भिरभिरत्या डोळ्यालाही ‘रोव्हिंग’ म्हणतो. “आणि गंमत बघ,” अण्णा म्हणाले, “तोच शब्द मराठीत आणला की पाय जमिनीत रुततात.” ही चूक फक्त मराठी पोरच करू शकतं, याचा त्यांना कोण अभिमान वाटला.

आई स्वयंपाकघरातून हे ऐकत होती. ती म्हणाली, “एवढे शब्द कशाला हवेत? हिला एकच पुरे. भटकभवानी!” त्यात तथ्य होतं. शाळा सुटल्यावर मी सरळ घरी आले असं कधी झालं नाही. सतारी करणाऱ्यांच्या गल्लीत भोपळे तासताना बघत उभी राहायची, नाहीतर कृष्णेच्या घाटापर्यंत जाऊन यायची. हिंडणं, उंडारणं, उनाडक्या करणं... मराठीत याला शब्द कमी नाहीत. पण मुलीला लागू होताना त्यातला एकही शब्द चांगल्या अर्थानं लागू होत नाही, हे मला तेव्हाच कळलं होतं.

त्या दिवसापासून ‘रोव’ हा आमच्या घरचा शब्द झाला. मी अभ्यासाला एका जागी बसत नसले की अण्णा म्हणत, “रोव!” अभ्यास संपला की म्हणत, “आता रोव!” पहिला मराठी, दुसरा इंग्रजी. कोणता कुठला ते ओळखायचं काम माझं. म्हणून मिरज स्टेशनवर तो शब्द कानावर पडला तेव्हा मला नवल वाटलं नाही. फक्त अर्थ कळला नाही. ‘तिथे घट्ट पाय रोवून राहा’ म्हणाले, की ‘मोकळी हिंड’ म्हणाले? हावड्याला उतरेपर्यंत मी त्याच विचारात होते. दशम्या तशाच राहिल्या.

हे केंद्र सरकारच्या हिशेब तपासणाऱ्या खात्यात. आम्हाला बालीगंजमध्ये एका घराचा खालचा मजला मिळाला. वरच्या मजल्यावर घरमालकीणबाई, सगळ्यांच्या मासीमा, म्हणजे मावशी. मासीमांचे यजमान मेसोमशाय पहिल्याच भेटीत मला म्हणाले, “मी रोभिंगला आहे.” बंगाली जिभेवर ‘व’ टिकत नाही, त्याचा ‘भ’ होतो. मी मनात म्हटलं, गृहस्थ फिरतीच्या नोकरीत दिसतात. पुढे महिनाभर पाहते तर हा माणूस रोज ठरल्या वेळी जातो आणि ठरल्या वेळी येतो, एक दिवस कुठे बाहेरगावी जाईल तर शपथ. शेवटी कळलं की ते तागाच्या गिरणीत होते. तागाचा पेळू सूतकताईला जाण्याआधी ओढून बारीक करतात आणि तुटू नये इतपत हलका पीळ देतात, त्या खात्याचं नाव रोव्हिंग. मी अण्णांना कळवलं : तुमच्या शब्दाला इथे तिसरा अर्थ आहे. अण्णांनी उलट टपाली विचारलं, त्याचं क्रियापद कसं चालवतात.

कलकत्ता मला आवडलं ते मासीमांच्या एका वाक्यामुळे. दुपारचा चहा झाला की त्या खाली हाक मारत, “चलो बौमा, बेडिये आशि.” बौमा म्हणजे सूनबाई, आणि बेडानो म्हणजे नुसतं फिरून येणं. कुठे, कशाला, किती वेळ, असं काही नाही. चांगल्या घरच्या, साठी उलटलेल्या बाईनं चांगल्या घरच्या सुनेला ‘चल, हिंडून येऊ’ म्हणावं आणि कुणाच्या कपाळाला आठी पडू नये, हे माझ्यासाठी नवीन होतं. मी मासीमांबरोबर हिंडले आणि मग एकटीही हिंडू लागले. ट्रामच्या खिडकीशी बसून शेवटच्या थांब्यापर्यंत जायचं आणि त्याच ट्रामनं परत यायचं.

असंच हिंडताना मला नोकरी लागली. शहराच्या पार उत्तर टोकाला, बागबाजारात, मुलींच्या एका शाळेला इंग्रजीची शिक्षिका हवी होती. बी. ए.ला माझं इंग्रजीच होतं. मुख्याध्यापिकेला तिथे बडदी म्हणतात, म्हणजे थोरल्या ताई. बडदींनी मला आपादमस्तक न्याहाळलं. नऊवारी नेसून मुलाखतीला आलेली बाई त्यांनी पहिल्यांदाच पाहिली असावी. त्या म्हणाल्या, “तुम्ही मराठी. पती बदलीच्या नोकरीत. माझ्या मुलींना दोन वर्षांत तीन इंग्रजीच्या बाई झाल्या. मी आणखी एक रोभिंग टीचर कशाला घेऊ?”

मला हसू फुटलं. मुलाखतीत हसू नये हे कळत होतं, पण इलाज नव्हता. मी त्यांना म्हाताऱ्या राजाची गोष्ट सांगितली. आमच्या भाषेत हाच शब्द खांब पुरताना वापरतात हे ऐकून बडदींनी दोनदा खात्री करून घेतली, आणि मग त्याही हसल्या. नोकरी मिळाली, पण तात्पुरती. कायम करण्याचं पुढे बघू, म्हणाल्या.

बागबाजारच्या म्हाताऱ्यांनी मात्र मला पहिल्याच आठवड्यात कायम करून टाकलं. तिकडे नातवंडं झोपत नसली की अजूनही बर्ग्यांची भीती घालतात. बर्गी म्हणजे आपण. आपल्या घोडेस्वारांच्या धास्तीनं जुन्या कलकत्त्याभोवती जो खंदक खणला, त्याची सुरुवात बागबाजारपासून. आपण ज्याला कौतुकानं मुलूखगिरी म्हणतो तिला दुसऱ्या बाजूनं काय म्हणतात, हे मला तिथे गेल्यावर कळलं. मुली मला समोर दिदिमणि, म्हणजे बाई, म्हणत आणि पाठीमागे बर्गी दिदिमणि. एका आजीबाईंनी तर दारात बोलावून विचारलं, “काय गं, या खेपेला काय न्यायला आलीस?” मी म्हटलं, “तुमची नात. इंग्रजीत पास करून परत देते.”

शाळेला जाताना मी बालीगंजहून आगगाडीनं सियालदहला उतरत असे आणि पुढे ट्राम घेत असे. सियालदहविषयी मी पत्रांतून फारसं लिहिलं नव्हतं, कारण कसं लिहावं ते कळत नव्हतं. फाळणीनं देशोधडीला लागलेली माणसं फलाटावर राहत होती. राहत होती म्हणजे तिथेच चूल, तिथेच अंथरूण, तिथेच बाळंतपण. दोन पथाऱ्यांच्या मधून पाय टाकत मी कामावर जायची, तेव्हा माझ्या फिरण्याच्या हौसेची मला लाज वाटायची. त्या लोकांतल्या काही मुली आमच्या शाळेत आल्या. त्यात एक कल्याणी होती, पूर्व बंगालातल्या बरिसालची, मी वर्गात सांगितलेल्या म्हाताऱ्या राजाच्या वाक्यावर सगळ्यात जास्त हसलेली. एकदा मी वर्गात हिंडण्याचे तेच चार शब्द शिकवले, अण्णांच्या पद्धतीनं. तास संपता संपता कल्याणी उभी राहिली. “दिदिमणि, मग आम्ही कोण? आमरा की रोभर?” आम्ही रोव्हर का?

मी म्हटलं, “नाही. रोव्हर आपल्या मर्जीनं निघतो.”

“मग आमच्यासाठी यातला कुठला शब्द?”

मी फळ्याकडे पाहिलं. चारांतला एकही नव्हता. तसं मी तिला सांगितलं. ती बरं म्हणून खाली बसली. बंगालीत त्यांना उद्वास्तु म्हणतात. ज्यांची वास्तूच गेली असे. तो शब्द तिला माझ्यापेक्षा चांगला ठाऊक होता.

पाच वर्षं अशी गेली. मंजू झाली, मासीमांच्या मांडीवर वाढली आणि ‘आई, मी आज भात खाब ना’ असलं मराठी बोलू लागली. मग एकाच पंधरवड्यात दोन गोष्टी घडल्या. बडदींनी सांगितलं की नव्या सत्रापासून मला कायम करणार. आणि ह्यांची बदली झाली, तीही पुण्याला. पुणे! मिरजेपासून एका रात्रीवर. कलकत्त्यातली आपली मराठी मंडळी अभिनंदनाला आली. सगळ्यांनी गृहीतच धरलं होतं की बर्गीण घरी चालली. मीही दोन दिवस तेच गृहीत धरलं, ट्रंकसुद्धा काढली. तिसऱ्या दिवशी शाळेत कल्याणी दाराशी येऊन उभी राहिली. तिच्या कानावर गेलं होतं. तिनं एवढंच विचारलं, “आपनिओ चले जाबेन?” तुम्हीही जाणार?

त्या ‘ओ’वर, त्या ‘ही’वर, मी अडले. तिच्या आयुष्यातून घर गेलं, गाव गेलं, वडील गेले, त्या यादीत मी जाऊन बसणार होते. माझ्या मर्जीनं. संध्याकाळी गाडीत बसल्यावर मला मिरज स्टेशन आठवलं आणि इतक्या वर्षांनी त्या शब्दाचा अर्थ लागला. अण्णा मराठीत बोलले होते. रोव, म्हणाले होते.

ह्यांना मी जेवताना सांगितलं. ते ताक पिऊन झाल्यावर म्हणाले, “मला वरणभात येतो. आमटी तेवढी शिकव.” असा माणूस आहे तो. पण हावड्याला त्यांना पोचवायला गेलो तेव्हा मंजू त्यांचा कोट सोडेना, आणि परत येताना ट्राममध्ये ती माझ्याशी बोलली नाही, हेही सांगते. मी काही शूरवीर नव्हते. घरी येऊन खूप रडले.

पुढचं तुम्हाला माहीत आहे, कारण ते तुम्हीच केलंत. इथल्या मराठी बायका आणि तिथल्या मराठी बायका यांचं एकमत व्हायला मध्ये हजार मैल असून वेळ लागला नाही. आईचं कार्ड आलं, त्यात शेवटी होतंच : ‘भटकभवानी ती भटकभवानीच!’ मी ते वाचून थक्क झाले. अगं आई, बदलीवर नवरा गेला, ट्रंका गेल्या, मी एकटीच जागची हलले नाही. जी हलली नाही तीच भटकी? पण आपल्याकडे बाईनं आपल्या मनानं बसलेलंसुद्धा हिंडण्यात धरतात.

वर्षभरानं आईनं अण्णांना पाठवलं. ‘तिला घेऊनच या,’ असा हुकूम होता, आणि अण्णांनी तो पहिल्याच संध्याकाळी पाय धुतल्यावर मला जसाच्या तसा सांगितला. मी म्हटलं, “रविवारी बोलू. आधी माझं गाव बघा.”

रविवारी त्यांना बागबाजारला नेलं. धोतर, काळी टोपी, हातात छत्री. म्हाताऱ्या आपापल्या दारांतून या थोरल्या बर्ग्याला पाहत होत्या. अण्णांनी विचारलं, “तो आपला खंदक कुठे आहे?”

“कधीच बुजला. आपण उभे आहोत ना, इथेच कुठेतरी असणार.”

अण्णांनी चटकन पाय उचलून बघितलं. मग खुशीत आले. म्हणाले, निघण्याआधी मी मोठा कोश काढून पाहिला. रोव्हरचा जुना अर्थ समुद्रावरचा लुटारू, आपल्याकडे ज्याला चाचा म्हणतात तो. वापरून वापरून शब्द निवळला आणि नुसता हिंडणारा उरला. “म्हणजे बर्गी दिदिमणि हे अगदी शास्त्रशुद्ध आहे,” ते म्हणाले. आणि मग, छत्रीचं टोक रस्त्यावर टेकवून, “पण विमल, तुला न्यायला आलोय मी.”

मी माझा हुकमाचा एक्का बाहेर काढला. “तुम्हीच सांगितलंत ना, रोव म्हणून?”

“मी? कधी?”

“मिरज स्टेशनवर. गाडी सुटताना.”

अण्णांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्यानं पुसला, पुन्हा लावला. “अगं, मी ‘जेव’ म्हणालो.”

“काय?”

“जेव हं, बाळ. तुझ्या आईनं दुधातल्या दशम्या दिल्या होत्या. प्रवासात तू काही खात नाहीस, त्या वाळून कडक झाल्या असत्या. म्हणून म्हटलं, जेव.”

ट्राम आली आणि गेली. सगळा संसार मी एका शब्दावर उभा केला होता आणि तो शब्द दशम्यांबद्दल होता! खुंटा म्हणून ज्याला धरून बसले, तोच कुणीतरी अलगद उपटून हातात द्यावा, तसं झालं. मिरजेला परत जायला त्या क्षणी कसलीच आडकाठी उरली नव्हती. मी तशी वाट पाहिली, की आता मन म्हणेल चल. मन काही म्हणेना. सोमवारी दहावीचा पहिला तास होता आणि निबंध तपासायचे राहिले होते, एवढंच आठवलं.

“म्हणजे अण्णा,” मी म्हटलं, “हे सगळं माझं मीच ठरवलं.”

“तसं दिसतंय खरं.”

“आणि तरी मी येणार नाही.”

“तेही दिसतंय.” त्यांनी छत्री दुसऱ्या हातात घेतली. मग म्हणाले, “मी रोव म्हणालो असतो तर तू माझं ऐकलंस एवढंच झालं असतं. बरं झालं, जेव म्हणालो.” आणि मग मास्तर बाजूला सरले आणि नुसते वडील उरले. “तुझ्या आईला काय सांगू गं?”

“सांगा, वेळेवर जेवते म्हणून.”

आठवड्यानं त्यांना हावड्याला पोचवलं. या वेळी खिडकीत ते होते आणि फलाटावर मी. मी त्यांच्या मांडीवर डबा ठेवला. त्यात दुधातल्या दशम्या होत्या आणि मासीमांनी घातलेले चार संदेश, म्हणजे तिकडची छेन्याची मिठाई. गाडी हलली तशी मी गज धरून चालले, मग तोंडाशी हात धरून ओरडले, “अण्णा, जेवा हं वेळेवर!” शिट्टी झाली. अण्णांनी कानामागे हात धरला आणि खिडकीतून ओरडून विचारलं, “काय म्हणालीस? रोवा?” त्यांना नीट ऐकू आलं होतं. डोळे पुसत हसत होते ते.

हे पुढच्या वर्षी बदली मागून घेऊन परत कलकत्त्याला आले, आमटी शिकून आले. कल्याणी आता सियालदहच्या पलीकडे एका शाळेत इंग्रजी शिकवते आणि म्हाताऱ्या राजाला डोंगर रोवायला लावते. घर कुठलं असं मला कुणी विचारलं तर मी मिरज म्हणते, आणि मिरजेत विचारलं तर कलकत्ता म्हणते, आणि दोन्हीकडे खोटं बोलल्यासारखं वाटत नाही.

अण्णांना पोचवून त्या दिवशी मी घरी आले, तेव्हा दुपार टळून गेली होती. मासीमा जिन्यात उभ्या होत्या. माझ्या तोंडाकडे बघून त्यांनी अण्णा नीट गेले का, गाडी वेळेवर होती का, काही विचारलं नाही. म्हणाल्या, “बौमा, भात खेयेछो?”

“नाही अजून,” मी मराठीतच म्हटलं. त्यांना कळलं. त्यांनी पान वाढायला घेतलं आणि मी पाय धुऊन जेवायला बसले.